पंप दिलात, आता तो ओढायलाही शिकवा: बेळगावच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हा आरोग्य व कुटुंबकल्याण अधिकारी,
बेळगाव

सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात माझं औषधाचं दुकान आहे. दम्याची आणि सीओपीडीची (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा जुना आजार) औषधं नेणारी माणसं वर्षभर येतात, पावसाळ्यात आणि थंडीत तर रोजच. हे पत्र त्यांच्यासाठी लिहितो आहे. मागणं मोठं नाही. छातीच्या जुन्या आजाराच्या प्रत्येक रुग्णाला औषध कसं घ्यायचं हे त्याच्या भाषेत, यंत्र त्याच्या हातात देऊन शिकवा, आणि त्याच्याकडून ते करून दाखवून घ्या. त्रास वाढला तर कधी काय करायचं, हे भिंतीला लावता येईल अशा एका कागदावर लिहून द्या. आणि अडलं तर कुणाला फोन करायचा, तो नंबर त्यावर असू द्या.

एवढ्याशा गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. म्हणून काउंटरवर काय दिसतं ते सांगतो.

जांबोटीकडच्या एक आजी पावसाळ्याच्या तोंडावर नातवाला घेऊन आल्या. रोटाहेलरच्या, म्हणजे मशिनमध्ये घालून पावडर श्वासाबरोबर ओढायच्या, कॅप्सूल संपल्या होत्या. "हेच दे रे बाळा, पण ह्यानं गुण काय येईना बघ." मी म्हटलं, "आजी, घेता कसं? जरा दाखवा बघू." त्यांनी एक कॅप्सूल तळहातावर घेतली आणि नातवाकडे पाणी मागितलं. सकाळ-संध्याकाळ भाकरी खाल्ल्यावर एकेक, न चुकता गिळत होत्या. मशिनचं विचारलं तर म्हणाल्या, "हाय की घरात. ल्योकानं आणून दिलंय. फुटंल म्हणून कपाटात ठेवलंय." पैसे खर्च झालेले, पथ्य पाळलेलं, एकही वेळ चुकवलेली नाही. फक्त औषध छातीऐवजी पोटात जात होतं. त्या पावडरीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, थेट श्वासनळीत जाऊन काम करावं म्हणून मोजलेला. गिळला तर फुफ्फुसाला त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच.

त्यांना कुणी सांगितलंच नसेल असं मी म्हणत नाही. सांगितलंही असेल, पण घाईत, बाहेर रांग लागलेली असताना, आजींना अर्धीच कळणाऱ्या भाषेत. आजींनी मान हलवली असेल. डॉक्टरांपुढे "मला नाही समजलं" म्हणायला आपल्याकडची वडीलधारी माणसं संकोचतात. म्हणून "कळलं का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याला उत्तर एकच येतं. "आता मला करून दाखवा" असं म्हटलं की खरं काय ते दोन मिनिटांत समजतं.

आणि काय काय दिसतं म्हणून सांगू! पंप, म्हणजे दाबून फवारा ओढायचा इनहेलर, न हलवता दाबतात. फवारा जिभेवर उडतो आणि श्वास नाकातून चालू असतो. दोन पफ (फवारे) सांगितले म्हणून एकाच श्वासात लागोपाठ दोनदा दाबतात. आत ओढलं की लगेच बाहेर सोडतात, कारण दहा सेकंद धरून ठेवायचा असतो हे ठाऊकच नसतं. स्टेरॉइडचा पंप घेऊन गुळणी न करता झोपतात, मग तोंड आलं, जिभेवर पांढरं बसलं म्हणून पंपच बंद करतात. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, धुऊन फडक्यानं आतून घासून पुसतात. पुसल्यावर प्लास्टिकला औषधाचे कण चिकटतात, तो साबणाच्या पाण्यात बुडवून नुसता वाळू द्यायचा असतो.

सगळ्यात जास्त घोटाळा यंत्र बदलल्यावर होतो. पंप सावकाश, लांब श्वासानं ओढायचा. पावडरीचं मशिन जोरात, एका दमात ओढायचं. दोन्हींची रीत एकमेकींच्या उलट आहे. एका दवाखान्यात पंप मिळतो, पुढच्या खेपेला तो शिल्लक नसतो म्हणून कॅप्सूल मिळते, आणि माणूस जुन्याच सवयीनं ती हळू ओढत राहतो. कॅप्सूलच्या टरफलात अर्धी पावडर तशीच राहते. ओढून झाल्यावर टरफल उघडून बघा, पावडर उरली असेल तर पुन्हा ओढा, एवढं एक वाक्य सांगितलं तरी फरक पडतो. कणकुंबीकडच्या पावसात तर पट्टीतून काढून डब्यात भरून ठेवलेल्या कॅप्सूल सादळतात आणि आतली पावडर धरून बसते. कॅप्सूल पट्टीतच ठेवायची, घ्यायच्या वेळीच कोरड्या हातानं काढायची, हे आपल्या मुलखात मुद्दाम सांगायला हवं.

हा दोष आपल्याच माणसांचा नाही. इनहेलर वापरण्यातल्या चुकांवर चाळीस वर्षांत जगभर झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बरोबर रीतीनं वापरणारे रुग्ण साधारण ३१ टक्के निघाले, आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा नाही. यंत्रं बदलली, औषधं सुधारली, शिकवणं मात्र होतं तिथंच राहिलं. एकदा शिकवून भागत नाही, माणूस काही आठवड्यांत पुन्हा चुकू लागतो, म्हणून प्रत्येक खेपेला बघावं लागतं.

दुसरी गोष्ट भीतीची. "पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, आधी गोळीनं बघू." हे मी इतक्या लोकांकडून ऐकतो की आता उत्तर तयार ठेवलं आहे. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्बुटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅमची असते, पंपाच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतात. म्हणजे एका गोळीत चाळीस पफांइतकं औषध आहे. गोळी अंगभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध थोडं आणि जिथं हवं तिथंच. हा हिशेब सांगितला की माणसं खरंच विचारात पडतात. शेतकऱ्याला, विणकराला, फाउंड्रीतल्या कामगाराला हिशेब समजतो. त्याला अडाणी धरून "सांगतो तेवढं करा" म्हणण्यापेक्षा हिशेब मांडावा.

या भीतीचा फायदा घेणारेही आहेत. "ती बारीक पांढरी गोळी द्या, त्यानं लगेच बरं वाटतं," असं म्हणत जुनी चिठ्ठी पुढे करणारे येतात. ती गोळी स्टेरॉइडची असते. डॉक्टरांनी पाच-सात दिवसांसाठी दिलेली, आणि माणूस ती महिनोन्‌महिने घेतो. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. मी ती देत नाही, तेव्हा काही जण रागावून दुसरीकडे जातात. बिननावाच्या पुड्यांनी दमा "मुळापासून" घालवणाऱ्यांचीही गिऱ्हाइकं कमी नाहीत. पंप कसा काम करतो हे ज्याला पटलेलं असतं, तो या वाटेला सहसा जात नाही.

आता या आजाराची माणसं कोण, ते बघू. सीओपीडी म्हणजे बिडी-सिगारेटवाल्यांचा आजार, अशी समजूत दवाखान्यातही घट्ट आहे. तंबाखूचा धूर हे मोठं कारण आहेच, त्यात वाद नाही. पण आपल्या जिल्ह्यात छाती खराब व्हायला बिडी ओढावीच लागते असं नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर चाळण-पाखडण केलेल्या बाया आहेत. उद्यमबाग, मच्छेच्या फाउंड्रीतली वाळूची धूळ आहे. वडगाव, शहापूर, खासबागेतल्या मागांवरचा सुताचा कचरा आहे. चिकोडी-अथणीकडची गुऱ्हाळं आहेत, वीटभट्ट्या आहेत. आणि सगळ्यात जास्त, घरातली चूल आहे. गॅस आला, पण आंघोळीचं पाणी अजून सरपणावरच तापतं, भाकरी चुलीवरच बरी होते, आणि पावसाळ्यात सरपण ओलं असतं. न्हाणीघराशेजारच्या चुलीत ओली लाकडं फुंकणारी बाई दिवसाला किती धूर घेते, हे कुणी तिच्या केस पेपरवर लिहीत नाही. "मी कधी विडी-काडीला हात लावला नाही, मग मला हे कसं झालं?" असं त्या विचारतात. त्यांना उत्तर मिळायला हवं, कारण उत्तराबरोबरच उपायही आहे: चूल बाहेर किंवा खिडकीशी हलवा, सरपण वाळवा, जमेल तितकं गॅसवर करा, धुरात नातवंडांना घेऊन बसू नका.

महोदय, सरकारच्या कागदावर हे सगळं आहे. तीस वर्षांवरच्या माणसांचा आशाताई जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, धुळी-धुराच्या जागी काम करता का, हे प्रश्न आहेत. धाप लागते का, हाही आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०२३ पासून दमा आणि सीओपीडीचा समावेश झाला आहे. २०१६ च्या अंदाजानुसार देशात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. हृदयविकारानंतर सर्वांत जास्त बळी घेणारा आजार म्हणून त्याची नोंद आहे. माझी विनंती अशी की तक्त्यात "लाकूड, शेण्या" यांवर खूण झाली आणि धापेवरही झाली, तर ती बाई फुंकून करायच्या तपासणीपर्यंत पोचली पाहिजे.

ती तपासणी, स्पायरोमेट्री, झाल्याशिवाय दमा कोणता आणि सीओपीडी कोणता हे नक्की सांगता येत नाही. आधी फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं, आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते बघायचं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या फायलीत एक्स-रे असतो, रक्ताचे कागद असतात, ही तपासणी नसते. ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला त्यांची तर आणखी ओढाताण होते. क्षय बरा झालेला असतो पण फुफ्फुसावर खुणा राहतात, दम लागतो, आणि "पुन्हा तेच आलं" म्हणून घरची माणसं ताट-वाटी वेगळी करतात. थुंकी तपासून क्षय नाही हे दाखवणं आणि घरच्यांना बसवून सांगणं, दोन्ही करावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातला एक ठरलेला दिवस या फुंकण्याच्या तपासणीला दिला, तरी कणकुंबी, लोंढ्याच्या माणसाला बेळगाव गाठावं लागणार नाही. दम लागणाऱ्याला दोन एसटी बदलून जा म्हणणं म्हणजे जाऊ नका म्हणण्यासारखंच आहे.

आता त्या कागदाविषयी. जगभर याला तीन रंग वापरतात: हिरवा, पिवळा, लाल. पण मजकूर आपल्या जगण्यातला हवा. "श्वसनाचा त्रास वाढल्यास" असं छापलं तर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. हिरव्यात लिहा: रोजच्यासारखं गिरणीपर्यंत चालत जाता, रात्री झोप लागते, बेडका पांढरा आहे, रोजचं औषध चालू ठेवा, बरं वाटतं म्हणून बंद करू नका. पिवळ्यात लिहा: गिरणीच्या वाटेवर आज मध्येच बसावं लागलं, बेडका वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, रात्री दोन उशा घ्याव्या लागल्या, आराम देणारा पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागतोय, आज-उद्यात दवाखाना गाठा, रविवारची वाट बघू नका. लालमध्ये लिहा: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर दिसतात, माणूस गुंगीत आहे किंवा बरळतोय, पंप चालू ठेवा आणि १०८ ला फोन करा.

त्याच कागदावर ऑक्सिजनचं एक वाक्य हवंच. करोनाच्या काळात घरोघरी रक्तातला ऑक्सिजन मोजायचं, बोटाला लावायचं यंत्र आलं. सीओपीडीच्या माणसाचा आकडा ९० दिसला की घरचे घाबरून ऑक्सिजनचं मशिन वाढवतात, ९८ झाला की निर्धास्त होतात. या आजारात ऑक्सिजन चालू असताना ८८ ते ९२ हा आकडा साधारण योग्य मानतात. ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना जास्त ऑक्सिजननं गुंगी येऊ शकते. शांत झोपलाय असं वाटतं, आणि खरं तर तब्येत ढासळत असते. किती लिटरवर ठेवायचं ते डॉक्टरांनी लिहून द्यावं आणि घरच्यांनी काटा तिथंच ठेवावा. हे मी लोकांना सांगतो तेव्हा त्यांना पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाटतं, आणि मला काळजी वाटते.

नुसता कागद पुरेल, असं मात्र माझं म्हणणं नाही. लिखित योजना आणि शिकवणं मिळालेल्या सीओपीडीच्या रुग्णांना छातीच्या त्रासासाठी इस्पितळात कमी वेळा भरती व्हावं लागतं, हे अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलेलं आहे. पण २०१२ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेला असाच एक मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण शिकवलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. त्याच वर्षीच्या ग्लासगोतल्या अभ्यासात शिकवलेल्यांपैकी ४२ टक्केच लोक स्वतःचा आजार नीट सांभाळू शकले, आणि त्यात वयानं लहान व घरात सोबत असलेले जास्त होते. म्हणजे एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात कागद देऊन "आता तुमचं तुम्ही बघा" म्हणणं धोक्याचं आहे. कोण एकटं राहतं, कुणाची मुलं पुण्याला-गोव्याला कामाला आहेत, हे आशाताईंना पाठ असतं. अशांकडे त्यांनी पिवळ्या-लालच्या खुणा बघत फेरी मारावी. ज्यांच्या घरात सून, मुलगी, नातू आहे, तिथं रुग्णाबरोबर त्यालाही समोर बसवून शिकवावं. त्या जांबोटीच्या आजींचं मशिन नातवानंच शिकून घेतलं. कॅप्सूल घालायची कुठल्या बाजूनं, हे तो आता आजीला दटावून सांगतो.

भाषेचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. कन्नड पत्रक जरूर असावं, माझ्याकडे येणारी निम्मी माणसं कन्नड बोलतात आणि त्यांनाही ते हवंच आहे. पण खानापूर, बेळगाव, निपाणी भागातली हजारो वयस्क माणसं मराठी शाळेत शिकली, किंवा शाळेत गेलीच नाहीत आणि घरात मराठीच ऐकत आली. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशपातळीवर ठरलेल्या संरक्षणांत, जिथं त्यांची वस्ती १५ टक्के किंवा जास्त आहे तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात असं म्हटलेलं आहे. धाप लागलेल्या माणसानं कधी १०८ ला फोन करायचा, याहून महत्त्वाची सूचना कोणती? सीमेच्या वादात मला इथं शिरायचं नाही. तो वाद कोर्टात आहे, आजींचा दम आज लागतोय. एकाच कागदावर एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी छापा, वर चित्रं काढा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच बोलून मोबाईलवर पाठवा. खानापूरच्या सिस्टर किंवा निपाणीच्या आशाताईंच्या आवाजात, त्यांच्या बोलीत. शहरातल्या निवेदकाच्या आवाजापेक्षा लोक तो जास्त ऐकतील.

खर्चाचं म्हणाल तर प्रत्येक आरोग्य केंद्रात शिकवण्यासाठी रिकामा पंप, पावडरीचं मशिन आणि स्पेसर, एवढंच लागतं. साल्बुटामॉल, ब्युडेसोनाइड आणि टायोट्रोपियम ही श्वासातून घ्यायची औषधं २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहेत. ती सलग मिळाली, मध्येच यंत्र बदललं नाही, तर निम्मा गोंधळ आपोआप मिटेल. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना आणि आम्हा औषध दुकानदारांना एकदा नीट शिकवा. आम्ही रुग्णाला दर महिन्याला भेटतो, डॉक्टर कदाचित तीन महिन्यांनी. ओठ शीळ घातल्यासारखे करून सावकाश श्वास सोडणं, रोज थोडं चालणं, दरवर्षी फ्लूची लस, या गोष्टीही दर महिन्याच्या त्या भेटीत सांगता येतील.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या बुधवारी जागतिक सीओपीडी दिवस असतो. यंदा त्या दिवशी फेरी, बॅनर आणि भाषणं नकोत. जिल्ह्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात रुग्णांना आपापले पंप आणि मशिन घेऊन बोलवा आणि प्रत्येकाला एकदा ओढून दाखवायला सांगा. किती जणांचं चुकतं ते लिहून ठेवा. खानापुरात त्या दिवशी मी दुकान बंद ठेवून केंद्रावर येईन, आणखी काही दुकानदारांशी बोललो आहे, तेही येतील. रिकामे पंप आमच्याकडून आणू. मराठी मजकुराचा कच्चा खर्डा तयार आहे. तुमच्या कार्यालयातल्या डॉक्टरांनी तो तपासून द्यावा, म्हणजे छपाईला देता येईल. कधी भेटायला येऊ ते कळवावं.

आपला विश्वासू,
खानापूर तालुक्यातील एक औषध दुकानदार